शारीरिक शिक्षणाची श्रेणी 'अ', पण मूल पळते किती?

प्रगतिपत्रक घरी आले की आपली नजर आधी गणितावर जाते, मग मराठीवर, मग इंग्रजीवर. तळाशी 'शारीरिक शिक्षण व आरोग्य' अशी एक ओळ असते. तिच्यापुढे 'अ-२' किंवा 'ब-१' लिहिलेले असते आणि वर्णनात्मक नोंदीत 'खेळात आवडीने भाग घेतो' असे एखादे वाक्य. ही ओळ फारसे कोणी वाचत नाही. या वेळच्या आरोग्य पानावर आम्ही तिच्याबद्दलच बोलणार आहोत, कारण आपल्या मुलांची हाडे, फुप्फुसे, रक्त आणि आत्मविश्वास या ओळीशी बांधलेले आहेत.

श्रीगोंदा तालुक्यातील वस्त्यांमध्ये आरोग्याचे काम करताना आम्ही आईवडिलांना एक साधा प्रश्न विचारतो : तुमच्या मुलाच्या शाळेत खेळाचा तास कोणत्या वारी असतो? उत्तर चटकन येत नाही. शनिवारी सकाळी कवायत असते, २६ जानेवारीच्या आधी लेझीम असते, तालुक्याच्या स्पर्धा जवळ आल्या की निवडक मुले आठ दिवस पळतात, एवढे सांगता येते. पण आपले मूल, जे स्पर्धेला निवडले गेले नाही, ते आठवड्यात किती वेळ खेळते, हे घरात कोणालाच ठाऊक नसते.

खेळ ही चैन नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार ५ ते १७ वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी. त्यातले किमान तीन दिवस हाडे आणि स्नायू बळकट करणारे खेळ हवेत. उड्या मारणे, चढणे, धावणे, ओढणे हे सगळे त्यात आले. हाडे मजबूत होण्याचे वय लहानपणाचेच असते. खेळणाऱ्या मुलाला भूक नीट लागते, झोप शांत लागते आणि वर्गात लक्षही जास्त वेळ टिकते.

यावर वस्तीत दोन आक्षेप ऐकू येतात आणि दोन्ही समजून घेण्यासारखे आहेत.

पहिला आक्षेप : "आमची पोरे घरी राबतातच की, वेगळा व्यायाम कशाला?" खरे आहे. आपल्या भागात लिंबाच्या बागा आहेत, उसाचे फड आहेत. मुले लिंबे वेचतात, पाणी भरतात, लहान भावंडांना कडेवर घेतात. पण काम म्हणजे खेळ नव्हे. हंडा एकाच कमरेवर येतो, पाठ एकाच बाजूला वाकते, वाढत्या कण्यावर भार पडतो. खेळात मूल वळते, उडी मारते, तोल सावरते, दोन्ही हात वापरते. छातीची धडधड वाढते आणि थांबले की खाली येते. हृदयाला आणि फुप्फुसांना हीच तालीम लागते. शिवाय खेळात हसू असते आणि 'आता पुरे' म्हणण्याची मोकळीक असते. कामात ती नसते.

दुसरा आक्षेप : "बाबासाहेबांनी 'शिका' सांगितले, खेळा नाही." पण थकलेल्या, रक्त कमी असलेल्या शरीराने शिकणार कसे? शरीराला झिजवून ज्ञान मिळत नाही हे ओळखूनच भगवान बुद्धांनी कठोर देहदंड सोडला, सुजाताने दिलेली खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग सांगितला. अभ्यास आणि खेळ यांत एक निवडण्याची वेळ आपल्या मुलांवर येऊ नये.

कायद्याने दिलेला हक्क

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला मैदान असावे, प्रत्येक वर्गाला गरजेप्रमाणे खेळाचे साहित्य मिळावे असे स्पष्ट लिहिले आहे. मुलाच्या शारीरिक आणि मानसिक क्षमतांचा पुरेपूर विकास व्हावा, हेही त्याच कायद्यात आहे. 'समग्र शिक्षा' योजनेत प्राथमिक शाळेला खेळाच्या साहित्यासाठी वर्षाला ५,००० रुपयांपर्यंत आणि उच्च प्राथमिक शाळेला १०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. बालभारतीने 'खेळू, करू, शिकू' हे पुस्तकही काढले. त्यात चित्र, हस्तकला यांच्याबरोबर खेळही दिले आहेत.

मग अडते कुठे? पहिली ते पाचवीसाठी खेळाचा वेगळा शिक्षक कायद्याने सक्तीचा केलेला नाही. सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील तेव्हाच अर्धवेळ निदेशकाची तरतूद आहे. वाड्यावस्त्यांवरच्या दोनशिक्षकी शाळेत तेच गुरुजी किंवा बाई चार-पाच वर्ग सांभाळतात, मतदार याद्या करतात, माहिती भरून पाठवतात. त्यात पहिला बळी खेळाच्या तासाचा जातो. म्हणून आम्ही शिक्षकांवर बोट ठेवत नाही. पण तास बुडाला तर तो कोणाच्या तरी लक्षात आला पाहिजे. ते लक्ष पालकांचे असावे.

तपासायचे कोणाला?

महाराष्ट्रात २०१०-११ पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. भाषा-गणिताला आकारिक आणि संकलित असे दोन्ही गुण असतात. कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षणाला लेखी परीक्षा नसते. वर्षभराच्या निरीक्षणावरून, प्रात्यक्षिकावरून श्रेणी द्यायची असते. कल्पना चांगली आहे. पण तासच झाला नसेल तर निरीक्षण कशाचे? मग सगळ्या वर्गाला एकच वाक्य आणि जवळपास एकच श्रेणी मिळते.

२०१९ साली सुरू झालेल्या 'फिट इंडिया' मोहिमेत शाळकरी मुलांसाठी चाचण्या ठरवल्या आहेत. पहिली ते तिसरीसाठी उंची-वजनाचे प्रमाण, एका पायावर तोल सांभाळणे आणि हाताची चपळाई. चौथीपासून पुढे ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, शरीराचा लवचीकपणा आणि पोटाच्या, हाताच्या स्नायूंची ताकद. चाचण्या उपयोगी आहेत, पण त्या ताप मोजण्याच्या थर्मामीटरसारख्या आहेत. थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही. मोजमाप करून आकडा भरला आणि वर्षभर मूल खेळलेच नाही, तर त्याचा काय उपयोग?

म्हणून आमचे म्हणणे असे : मुलाची परीक्षा घेण्याआधी तासाची परीक्षा घ्या. त्यासाठी डिप्लोमा लागत नाही, घड्याळ आणि डोळे लागतात. पुढचे पाच प्रश्न कोणतीही आई विचारू शकते.

१. तास होतो का? शाळेच्या भिंतीवरच्या वेळापत्रकात शारीरिक शिक्षणाचे तास कधी आहेत ते लिहून आणा. मग महिनाभर त्या-त्या दिवशी मुलाला विचारा, "आज काय खेळलात?" खेळले असेल तर कॅलेंडरवर बरोबरची खूण, नसेल तर फुली. महिन्याच्या शेवटी खुणा मोजा. वस्तीतल्या चार-पाच घरांनी असे केले तर शाळेचे चित्र समोर येते.

२. तासात मूल किती हलते? परवानगी घेऊन एखादा तास बाहेरून पाहा. आपले मूल सोडून कडेला उभे असलेले एक मूल निवडा आणि ते किती मिनिटे हलले ते मोजा. हिशेब सोपा आहे. तीस मुले, एक चेंडू, एक रांग आणि प्रत्येकाची पाळी एका मिनिटाची. तीस मिनिटांचा तास 'झाला', पण प्रत्येक मूल एक मिनिट खेळले आणि २९ मिनिटे उभे राहिले. अर्धा तास तरी प्रत्येकाचे अंग गरम राहिले पाहिजे. ओळखायची खूण अशी : खेळताना मुलाला बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, एवढा दम लागला तर हालचाल पुरेशी आहे.

३. कडेला कोण उभे आहे? हा प्रश्न आपल्यासाठी सगळ्यात मोठा आहे. मुली दोरीवरच्या उड्यांपुरत्या उरल्या आहेत का? अनवाणी मूल, जाड मूल, अपंग मूल, साखर कारखान्याच्या हंगामात कोपीवरून आलेले ऊसतोड कामगारांचे मूल खेळात आहे की फक्त चपला सांभाळायला? संघनायक नेहमी एकाच आळीतला असतो का? मैदान झाडायला आणि चेंडू आणायला मात्र आपलीच मुले पुढे असतात का?

पळवणकर बाळू हे नाव आपल्या मुलांना सांगा. चर्मकार समाजातल्या या गोलंदाजाने १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेतले. पुण्यात मात्र ज्यांच्यासाठी ते बळी घेत होते, तेच त्यांना चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात देत. पुढे १९२३ मध्ये त्यांचा भाऊ विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला, तोही सहज नव्हे, मोठ्या वादानंतर. मैदान आपोआप समतेचे होत नाही, ते करावे लागते. पण करता येते, कारण खो-खोत पाठीवर हात ठेवल्याशिवाय खो देता येत नाही आणि कबड्डीत हात धरल्याशिवाय साखळी होत नाही. ज्या समाजाने स्पर्शाचा विटाळ मानला, त्या समाजातल्या मुलांना एकमेकांचा हात धरायला लावणारा हा शाळेतला तास आहे. तो बुडणे आपल्याला परवडणारे नाही.

४. जागा धड आहे का? मैदानावर काचा, खडी, उघडी गजाळी, गाजरगवत आहे का? सांडपाणी येते का? प्यायचे पाणी आणि मुलींचे चालू स्थितीतले स्वच्छतागृह आहे का? प्रथमोपचार पेटीत कापूस, पट्टी आणि जंतुनाशक आहे की रिकामा डबा? आपला तालुका पर्जन्यछायेतला. फेब्रुवारी संपला की दुपारचे ऊन सोसत नाही. तेव्हा तास सकाळी पहिल्या दोन तासिकांत हवा.

५. वर्षभरात मूल काय नवीन शिकले? धावणे, उडी, फेकणे, झेलणे, तोल सांभाळणे ही प्राथमिक वयाची पाच कौशल्ये. जुलैत मूल एका पायावर किती वेळ उभे राहिले, पाच पावलांवरून फेकलेले दहा चेंडू किती झेलले, ते लिहून ठेवा. जानेवारीत पुन्हा पाहा. तुलना त्याची त्याच्याशीच करायची, शेजाऱ्याच्या मुलाशी नव्हे. वजनाचा आकडा तर वर्गात मोठ्याने वाचूच नये.

आधी तपासणी, मग धावणे

परिचारिका म्हणून हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या (२०१९-२१) आकड्यांनुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील शंभरापैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आहे. हीच मुले पुढे पहिलीत येतात. खालची पापणी ओढून पाहा. आतला भाग गुलाबी ऐवजी पांढुरका दिसतो का? मूल माती खाते का? थोडे पळून बसते का? त्याला 'आळशी' म्हणू नका, आरोग्य केंद्रात न्या.

शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते. पाच ते नऊ वर्षांसाठी गुलाबी, दहापासून पुढे निळी. ती जेवणानंतर घ्यायची, चहाबरोबर नाही. शौचास काळी होते त्याने घाबरू नये. जंतनाशक दिनाची गोळी चुकवू नका. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. उपाशी मुलाला पळवू नये आणि भरल्या पोटी लगेचही नाही. जेवणानंतर तासभर जाऊ द्यावा.

धावताना छातीत दुखणे, चक्कर येऊन पडणे, ओठ निळे पडणे, रात्री दमा लागणे यांपैकी काही असेल तर आधी डॉक्टर, मग मैदान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्या दिवशी मूल घरी ठेवू नका आणि पथकाने काय लिहिले ते विचारून घ्या. विदर्भातील आपल्या बांधवांना सिकलसेल ठाऊक आहे. सिकलसेलग्रस्त मुलाला दमछाक होईपर्यंत पळवू नये, वारंवार पाणी द्यावे, थकला की बसू द्यावे. पण त्याला खेळातून काढूही नये. हलके खेळ त्याच्याही हक्काचे आहेत. गुरुजींना हे आधीच सांगून ठेवा.

आणखी एक. उशीर झाला म्हणून उन्हात फेऱ्या, गृहपाठ नाही म्हणून उठाबशा, हा व्यायाम नव्हे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे. व्यायामाची शिक्षा झाली की मूल जन्मभर व्यायामाला शिक्षाच समजते.

पैसा नसताना काय करता येईल?

पुष्कळ. चिंध्यांचे घट्ट बांधलेले सहा चेंडू केले की तीस मुलांचे पाच-पाचांचे सहा गट होतात आणि रांग संपते. सायकलचे जुने टायर, सुंभाची दोरी, फक्कीने आखलेल्या रेघा एवढ्यावर उड्या, नेम आणि तोलाचे खेळ होतात. लंगडी, विषामृत, खो-खो, कबड्डी यांना साहित्य लागतच नाही. जो बाद झाला तो बाहेर बसतो, असे खेळ कमी घ्या, कारण अशक्त मूल आधी बाद होते आणि ज्याला हालचालीची सर्वात जास्त गरज, तेच सर्वात जास्त बसते. बाद झालेल्याने पाच उड्या मारून परत यावे, एवढा नियम बदलला तरी चित्र पालटते. आणि पकडापकडीला 'शिवाशिवी' म्हणण्याचे आता सोडून देऊ या. खेळ ठेवू, नाव बदलू.

खो-खोला कमी लेखू नका. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताच्या मुली आणि मुले दोन्ही जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर.

प्रत्येक वस्तीत पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली पहाटे रस्त्यावर पळताना दिसतात. समता सैनिक दलाचे तरुण आहेत. त्यांच्यापैकी दोघे-तिघे आठवड्यातून दोन दिवस शाळेत मदतीला जाऊ शकतात. मात्र शाळा व्यवस्थापन समितीच्या लेखी संमतीने, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि सोबत एक तरी महिला असावी. मुलांच्या सुरक्षिततेत तडजोड नको. रविवारी विहाराच्या अंगणात वंदनेनंतर अर्धा तास मुलामुलींचा एकत्र खेळ ठेवला, तर त्याला कोणाच्याच परवानगीची गरज नाही.

समितीत बसा, ठराव मांडा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा मिळावी, हे कायद्यात आहे. आपली माणसे समितीत नावाला असतात, सही घरी येऊन घेतली जाते. भगिनींनो, सही करण्याआधी सभा कधी झाली ते विचारा. सभेत जा आणि हा ठराव द्या :

"वेळापत्रकातील शारीरिक शिक्षणाचे तास नियमित घ्यावेत व ते दुसऱ्या विषयासाठी वापरू नयेत. चालू वर्षी खेळाच्या साहित्यासाठी आलेली रक्कम, झालेला खर्च व साहित्याची यादी पुढील सभेत वाचून दाखवावी. साहित्य कपाटात न ठेवता मुलांना वापरण्यास द्यावे. मैदानाची सफाई मुलांकडून न करवता त्यासाठी ग्रामपंचायतीस किंवा नगरपरिषदेस पत्र द्यावे. मुली व अपंग मुले यांना प्रत्येक खेळात सहभागी करून घ्यावे."

ठराव इतिवृत्तात लिहून घ्या, त्याची प्रत मागा. शाळेच्या विकास आराखड्यात मैदान आणि साहित्याचा उल्लेख करून घ्या. दोन महिने वाट पाहून काही झाले नाही तर केंद्रप्रमुख आणि पंचायत समितीच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना कॅलेंडरवरच्या खुणांसह अर्ज द्या. शिक्षण हक्क कायद्यानुसार तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत लागला पाहिजे. अर्जाची भाषा सौम्य आणि आकडे पक्के ठेवा. शिक्षक शत्रू नाहीत, पुष्कळांना मदत हवीच असते.

पदक मिळवणारी मुले थोडी असतात. आम्ही पदकासाठी लिहीत नाही. ज्या मुलीला 'तू बस' असे सांगितले जाते ती उठून पळावी, तिच्या गालावर रंग यावा, रात्री तिला गाढ झोप लागावी आणि वर्गात तिने मान वर करून उत्तर द्यावे, यासाठी हे सारे. येत्या सोमवारी शाळेत जा आणि वेळापत्रक वहीत उतरवून आणा. सुरुवात तिथून होईल.

जयभीम! नमो बुद्धाय!